वैद्याच्या झोळीत बाण

मागच्या वेळी मडलेटच्या ट्रिगरांवर लिहिलं होतं. यावेळची पत्रं बहुतेक पुढच्या पायरीवरची आहेत: क्लास (एकसारख्या वस्तूंचा साचा) बनवला, आता त्यातले व्हेरिएबल ऐकत नाहीत. नव्या वाचकांसाठी दोन वाक्यं. मड म्हणजे निव्वळ मजकुरावर चालणारा, अनेकांनी मिळून खेळायचा खेळ. पहिला १९७८ साली इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी केला. मडलेट हा असे खेळ खेळायचा क्लायंट, म्हणजे आपल्या संगणकावरचा प्रोग्रॅम. सर्व्हरकडून येणारी ओळ तो वाचतो आणि आपण लिहिलेली स्क्रिप्ट चालवतो. ठराविक मजकूर दिसला की चालते ती स्क्रिप्ट म्हणजे ट्रिगर. स्क्रिप्टची भाषा ल्युआ, आवृत्ती ५.१, म्हणजे २००६ची.

कोडमधली नावं इथे देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना ती रोमन लिपीतच करायची. मागे एकाने खरंच देवनागरीत टाइप करून पाहिलं आणि मला रागाचं पत्र धाडलं होतं.

प्रश्न : ताई, माझ्या खेळात भाड्याने घेतलेले दोन सोबती असतात, एक धनुर्धारी आणि एक वैद्य. दोघांसाठी 'सोबती' नावाचा एकच क्लास केला. वरती सोबती.हेल्थ = १०० आणि सोबती.झोळी = {} असं लिहिलं, खाली मेथड, म्हणजे सोबत्याची कामं करणारी फंक्शनं. हेल्थ अगदी शहाण्यासारखी वागते, एकाला मार बसला तर दुसऱ्याची कमी होत नाही. पण धनुर्धाऱ्याच्या झोळीत बाण टाकले की ते वैद्याच्या झोळीतही निघतात. वैद्याला औषधं दिली की धनुर्धाऱ्याकडेही दिसतात. दोन्ही व्हेरिएबल शेजारी शेजारी, एकाच पद्धतीने लिहिलेले. मग एक शहाणा आणि दुसरा वेडा कसा? दोन रात्री यात गेल्या. हा मडलेटचा बग आहे का?

उत्तर : मडलेट निर्दोष आहे. तुमच्या दोन रात्री मात्र वाया गेलेल्या नाहीत, कारण हेल्थ आणि झोळी वेगवेगळी वागतात हे तुम्ही नेमकं हेरलंत. बहुतेक जण 'सगळंच बिघडलंय' एवढंच लिहून पाठवतात.

ल्युआत क्लास नावाची वस्तू मुळात नाहीच. आहे ते फक्त टेबल, म्हणजे नावं आणि त्यांच्या किमती ठेवायची पेटी. 'सोबती' हे एक टेबल, धनुर्धारी दुसरं, वैद्य तिसरं. सेटमेटाटेबल लावून आणि सोबती.__इंडेक्स = सोबती असं लिहून तुम्ही धनुर्धाऱ्याला एवढंच सांगितलंत की तुझ्याजवळ एखादी गोष्ट सापडली नाही तर सोबतीच्या घरी जाऊन विचार. यातली मेख अशी की विचारायला जाणं फक्त वाचताना होतं. लिहिताना कोणी कुठे जात नाही, जे लिहायचं ते स्वतःच्याच टेबलात लिहिलं जातं.

आता तुमची हेल्थची ओळ घ्या (सेल्फ म्हणजे ज्याची मेथड चालू आहे तो सोबती, इथे धनुर्धारी): सेल्फ.हेल्थ = सेल्फ.हेल्थ - १५. उजवी बाजू आधी. धनुर्धाऱ्याजवळ हेल्थ नाही, म्हणून तो सोबतीकडे जातो, १०० घेऊन येतो, त्यातून १५ वजा होतात. मग डावी बाजू: ८५ हा आकडा धनुर्धाऱ्याच्या स्वतःच्या टेबलात पडतो. म्हणजे पहिला मार बसेपर्यंत त्याला स्वतःची हेल्थ नव्हतीच. पहिल्या घावाने ती जन्माला आली.

झोळीची ओळ: टेबल.इन्सर्ट(सेल्फ.झोळी, "बाण"). बरोबरचं चिन्ह शोधा. नाही ना? सेल्फवर काही लिहिलंच जात नाही. सेल्फ.झोळी वाचली जाते, धनुर्धाऱ्याजवळ ती नसते, सोबती आपली झोळी पुढे करतो आणि बाण त्या झोळीत जातो. वैद्य आला की त्यालाही तीच झोळी मिळते. दोघांच्या खांद्यावर झोळी आहे असं तुम्हाला वाटत होतं, प्रत्यक्षात ती एकच, खुंटीला टांगलेली.

खात्री करायची तर कमांड लाइनीवर आधी 'ल्युआ' हा शब्द लिहून पुढे एको(टूस्ट्रिंग(धनुर्धारी.झोळी == वैद्य.झोळी)) एवढं चालवा. उत्तर 'ट्रू' येईल. ल्युआत दोन टेबलं बरोबर ठरतात ती आतला माल सारखा असल्यामुळे नव्हे, ते एकच टेबल असेल तरच. दोन वेगळी रिकामी टेबलं तपासलीत तर 'फॉल्स' येतं. शिवाय रॉगेट(वैद्य, "झोळी") करून बघा: रॉगेट कोणाच्या घरी विचारायला जात नाही, त्यामुळे तिथे 'निल', म्हणजे 'काहीच नाही', दिसेल. मी तर असल्या भानगडीत सगळ्यात आधी रॉगेटच लावते.

उपाय नवा सोबती बनवणाऱ्या न्यू या फंक्शनात. तिथे लोकल ओ = सेटमेटाटेबल({}, सोबती) ही ओळ तुमच्याकडे असणारच. तिच्या खाली ओ.झोळी = {} लिहा, म्हणजे प्रत्येक सोबत्याला जन्मतःच स्वतःची झोळी मिळेल. ओ.झोळी = सोबती.झोळी असं मात्र लिहू नका, त्याने प्रत होत नाही, त्याच झोळीला दुसरा बंद लागतो. आणि वरची सोबती.झोळी = {} ही ओळ पुसून टाका. ती ठेवलीत आणि उद्या न्यूमधली ओळ चुकून गेली, तर सगळं पुन्हा गुपचूप एकत्र होईल. ती नसली तर पहिल्याच बाणाला लाल अक्षरात एरर येईल, आणि मला तो हवा असतो.

उलटी चूकही होते. एकूण किती सोबती झाले हा आकडा सगळ्यांचा मिळून एकच हवा. तिथे सेल्फ.एकूण = सेल्फ.एकूण + १ लिहिलंत तर काय होईल? क्लासमधला शून्य वाचला जाईल आणि १ स्वतःजवळ लिहिला जाईल. प्रत्येक सोबती म्हणेल 'एकूण १' आणि क्लासमध्ये शून्यच राहील. सामायिक आकड्याला सरळ नावानिशी हाक मारा: सोबती.एकूण = सोबती.एकूण + १.

माझी फजितीही सांगते. सोबती मेला की मी सेल्फ.हेल्थ = निल करत असे, मनात हे की 'हेल्थ पुसली'. निल लावल्यावर त्याची स्वतःची हेल्थ पुसली गेली खरी, पण पुढच्या वाचनात तो क्लासकडे विचारायला गेला आणि १०० घेऊन आला. पडद्यावर मेलेल्या सोबत्याची पट्टी हिरवीगार, भरलेली. बरा करणारा ट्रिगर त्याला धडधाकट समजून जिवंत पण जखमी सोबत्याकडेच बघत राहिला, ते ठीक. पण 'पुढे लढायला कोण?' हे ठरवणारी स्क्रिप्ट सगळ्यात जास्त हेल्थवाल्याला निवडत होती, आणि तो प्रेत होता. तेव्हापासून मरणाला शून्य लिहिते.

प्रश्न : मार बसला की दोन सेकंदांनी औषध घ्यायचं, म्हणून मेथडच्या आत टेम्पटायमर(२, [[सेल्फ:औषधघे()]]) लिहिलं. एरर: 'अटेम्प्ट टू इंडेक्स ग्लोबल सेल्फ'. मग टेम्पटायमर(२, सेल्फ.औषधघे) केलं, पुन्हा तसाच एरर. सेल्फ तर तिथेच समोर आहे!

उत्तर : एरर 'तसाच' नाहीये. दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवून वाचा. पहिल्यात 'ग्लोबल सेल्फ' (सगळीकडून दिसणारं नाव) आहे, दुसऱ्यात 'लोकल सेल्फ' (त्या फंक्शनापुरतं नाव) असणार. हा एक शब्द अर्धं उत्तर देतो.

पहिल्या प्रकारात टायमरला तुम्ही मजकूर दिलात. दोन सेकंदांनी तो मजकूर नव्याने कोड म्हणून वाचला जातो, तुमच्या मेथडच्या बाहेर. तोवर मेथड संपलेली, तिचा सेल्फही गेलेला. मग ल्युआ सेल्फ नावाचा ग्लोबल शोधते, तो कुठेच नसतो. दुसऱ्या प्रकारात फंक्शन बरोबर पोचलं, पण टायमर ते रिकाम्या हाताने बोलावतो. सेल्फ:औषधघे() हे सेल्फ.औषधघे(सेल्फ) याचंच छोटं रूप आहे. विसर्गासारखी ती दोन टिंबं सेल्फला हळूच आत सरकवतात. नुसतं सेल्फ.औषधघे दिलंत की सेल्फची जागा आहे, पण तिथे कोणी बसलेलं नाही. म्हणून 'लोकल'.

तिसरा प्रकार चालतो: टेम्पटायमर(२, फंक्शन() सेल्फ:औषधघे() एंड). हे बिननावाचं फंक्शन मेथडच्या आत जन्मलं, त्यामुळे तिथला सेल्फ ते सोबत घेऊन जातं, मेथड संपली तरी. सेल्फ नावाचा ग्लोबलच करून टाकायचा जुगाड काही जण करतात. सोबती एकच असेल तोवर तो चालतोही. दोन झाले की शेवटच्याला सगळं औषध.

आणखी एक, तुम्ही विचारलेलं नसलं तरी. त्या दोन सेकंदांत सोबती मेला तर? टेम्पटायमर आपला क्रमांक परत देतो, तो सेल्फ.टायमर मध्ये ठेवा आणि मरणाच्या मेथडमध्ये किलटायमर(सेल्फ.टायमर) करा. हा क्रमांकही प्रत्येक सोबत्याचा स्वतःचा. लिहिताना सेल्फवर बरोबरच्या चिन्हाने लिहिताय, त्यामुळे इथे झोळीसारखा घोळ होणार नाही.

प्रश्न : ताई, मी कॉलेजात शिकतो, प्रोग्रॅमिंग या स्क्रिप्टांमुळेच सुरू केलं. स्क्रिप्टमध्ये साधा एक स्वल्पविराम बदलून सेव्ह केलं तरी सोबती.मारले हा आकडा शून्यावर येतो. आणि मेथड दुरुस्त केली तरी आधीपासूनचे सोबती जुनीच मेथड चालवतात. रोज सगळे सोबती नव्याने बनवतो. शिवाय प्रोफाइल (मडलेटमधली त्या खेळाची मांडणी) बंद केलं की सगळंच जातं.

उत्तर : तुझ्या तीन तक्रारींतल्या पहिल्या दोन एकाच ओळीच्या आहेत. सगळ्यात वर तू सोबती = {} लिहिलं असणार.

मडलेटमध्ये स्क्रिप्ट सेव्ह केली की ती वरपासून खालपर्यंत पुन्हा चालते. म्हणजे स्वल्पविराम बदलून सेव्ह केलंस तेव्हा सोबती नावाला कोरं करकरीत टेबल चिकटलं. आकडा त्यामुळे शून्य. आणि जुने सोबती? त्यांना नावाशी देणंघेणं नाही, त्यांनी मेटाटेबल म्हणून जुन्या टेबलाचाच हात धरलाय. तू दुरुस्ती नव्या घरी केलीस, ते अजून जुन्या घरी विचारायला जातात.

वरची ओळ अशी कर: सोबती = सोबती ऑर {}. टेबल आधीपासून असेल तर तेच राहील, नसेल तरच नवं. मेथड त्याच टेबलात नव्याने लिहिल्या जातील, त्यामुळे दुरुस्ती जुन्या सोबत्यांना आपोआप पोचते. आकड्यालाही तसंच: सोबती.मारले = सोबती.मारले ऑर ०. दुसऱ्या भाषेतून आलेल्यांना इथे धाकधूक वाटते, कारण कित्येक भाषांत शून्य हे 'खोटं' धरतात. ल्युआत शून्य खरंच आहे. खोट्या दोनच गोष्टी, निल आणि फॉल्स.

पण त्यामुळेच होय-नाही प्रकारच्या व्हेरिएबलला ही युक्ती लावू नकोस. सोबती.आपोआप = सोबती.आपोआप ऑर ट्रू असं लिहिलंस आणि खेळताना ते फॉल्स केलंस, तर पुढच्या सेव्हला ते पुन्हा ट्रू. कितीही वेळा बंद कर, उठून बसेल. तिथे लांबडं लिहायचं: इफ सोबती.आपोआप == निल देन, मग ट्रू. या पद्धतीची एक खोडही माहीत असू दे: एखादी मेथड स्क्रिप्टमधून पुसलीस तरी टेबलात ती तशीच राहते, प्रोफाइल बंद करून उघडेपर्यंत. मेथडचं नाव बदलल्यावर जुनं नाव वापरणारी जागा विसरली असेल तर तो विसर तोवर झाकलेला राहतो.

बंद करताना जपून ठेवायला टेबल.सेव्ह आहे. गेटमडलेटहोमडिर() हे प्रोफाइलच्या फोल्डरचा पत्ता देतं, तिथे फाइल ठेव. 'सिसएक्झिटइव्हेंट' या घटनेला सेव्ह करणारं फंक्शन जोडलंस की बंद होताना ते चालतं. उघडताना टेबल.लोड. इथवर सोपं आहे. फसगत पुढे होते: फाइलीतून परत आलेला धनुर्धारी म्हणजे नुसतं टेबल. मेटाटेबल फाइलीत जात नाही. धनुर्धारी:औषधघे() म्हटलंस की एरर, कारण कोणाच्या घरी विचारायचं हे तो विसरलाय. लोड झाल्यावर प्रत्येकाला सेटमेटाटेबल पुन्हा लाव.

वरच्या पहिल्या पत्राचं उत्तर वाचलं असशील तर हेही ओळखशील: ज्याला एकदाही मार बसला नाही त्याची हेल्थ फाइलीत नसतेच. फाइलीत फक्त स्वतःजवळचं जातं. त्याला परत आल्यावर क्लासमधली हेल्थ मिळते, आणि मधल्या काळात तू ती १००ची १२० केली असशील तर तो झोपेत २० गुणांनी धष्टपुष्ट होऊन उठेल. चालत असेल तर असू दे. नसेल तर न्यूमध्येच ओ.हेल्थ = १०० लिही.

प्रश्न : मी मडलेट नव्हे, टिनटिन++ हा दुसरा क्लायंट वापरते. त्यातही क्लास आहे. 'वैद्य' आणि 'धनुर्धारी' असे दोन क्लास केले, दोन्हींत हेल्थ नावाचा व्हेरिएबल ठेवला, पण ते एकमेकांचा आकडा खोडतात.

उत्तर : शब्द एक, वस्तू वेगळ्या. टिनटिनमधला क्लास म्हणजे गाठोडं. क्लास ओपन केल्यावर जे ट्रिगर, अलियास (लांब आज्ञेचं छोटं नाव), व्हेरिएबल नव्याने बनवाल त्यांच्यावर त्या गाठोड्याची चिठ्ठी लागते. क्लोज केलं की चिठ्ठी लावणं थांबतं. किल केलं की त्या चिठ्ठीचं सगळं एका झटक्यात जातं, राइट केलं की तेवढंच फाइलीत. आवराआवरीला याच्यासारखं सुख नाही. पण नावांच्या भिंती त्यात नाहीत. एका सेशनमध्ये, म्हणजे खेळाशी एका जोडणीत, हेल्थ नावाचा व्हेरिएबल एकच, चिठ्ठी कुठलीही असो.

म्हणून वेगळेपणा नावातच आणायचा. वैद्य_हेल्थ, धनुर्धारी_हेल्थ असं करता येतं, पण त्याहून बरं म्हणजे चौकोनी कंसातली घरं: वैद्य[हेल्थ], वैद्य[झोळी]. वैद्य हा एक व्हेरिएबल, आत हवी तितकी घरं. वैद्य क्लास ओपन असताना हा व्हेरिएबल बनवा, म्हणजे क्लास किल केल्यावर सगळी घरं त्याच्याबरोबर जातील, धनुर्धाऱ्याला धक्का न लागता.

प्रश्न : ट्रिगरने पकडलेले पैसे सेल्फ.पैसे मध्ये ठेवते. त्यात १० मिळवले तर बेरीज बरोबर येते, पण 'पैसे ५०० पेक्षा जास्त आहेत का' विचारलं की एरर. अक्षरांचा आकडा करणारं टूनंबर लावलं तर कधी चालतं, कधी निल.

उत्तर : मॅचेसमधून, म्हणजे ट्रिगरने पकडलेल्या मजकुराच्या टेबलातून, येतं ते कायम अक्षरांत असतं, आकडा दिसत असला तरी. ल्युआ बेरजेला अक्षरांचा आकडा मुकाट करून घेते, तुलनेला घेत नाही. त्यामुळे टूनंबर लावलंत ते योग्यच, आणि तेही ठेवण्याआधी लावायचं. वापरताना दहा ठिकाणी लावत बसायचं नाही.

निल येतो तेव्हा खेळाने काय छापलंय ते बघा. माझी पैज आहे, १,२५० असा स्वल्पविराम असणार. टूनंबरला तो चालत नाही. मग आपण मजकुरात अदलाबदल करणारं जीसब वापरून स्वल्पविराम काढतो आणि ते सगळं टूनंबरच्या कंसात घालतो, आणि एरर येतो 'बेस आउट ऑफ रेंज'. पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा मी कीबोर्डकडे बघत बसले होते. भानगड अशी की जीसब दोन गोष्टी परत देतं: बदललेला मजकूर, आणि किती बदल केले तो आकडा. टूनंबर दुसऱ्या जागी अंकपद्धतीचा पाया घेतं. एक स्वल्पविराम काढला म्हणून दुसऱ्या जागी १ गेला, आणि पाया १ असू शकत नाही. १,२५०,००० असेल तर दोन स्वल्पविराम, पाया २, आणि बायनरीत २ आणि ५ हे अंकच नाहीत, म्हणून एररही न येता गुपचूप निल. जीसबच्या पूर्ण हाकेभोवती आणखी एक कंसाची जोडी घाला, म्हणजे पहिलीच गोष्ट बाहेर येईल.